फ्लेक्सवरचा फोटो
आज मी शिकवते त्या शाळेच्या ऑफिसात नव्या फ्लेक्सची गुंडाळी येऊन पडली, तो रॉकेलसारखा उग्र वास नाकात गेला आणि माझं डोकंच फिरलं. आठवीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेत आमच्या शाळेतून मी एकटी पास झाले होते. बारावीपर्यंतचा खर्च सुटणार होता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आईनं मजुरी बुडवून राळेगावच्या तहसील कचेरीच्या दोन चकरा मारल्या. आमच्या हेडसरांनी तो दाखला कपाटात ठेवला. म्हणाले, आधी सत्कार, मग ऑनलाइन फॉर्म. एसटी स्टँडवर माझा फ्लेक्स लागला, त्यात माझ्यापेक्षा संस्थेच्या अध्यक्षांचा चेहरा मोठा. सत्काराला अध्यक्षांची वेळ मिळेपर्यंत फॉर्मची मुदत निघून गेली. सर आईला हसत म्हणाले, "जाऊ द्या ना बाई, पोरीचं नाव तं झालं गावात!" आई तडक स्टँडवर गेली आणि विळ्यानं फ्लेक्सच्या दोऱ्या कापायला लागली. सर मागून धावत आले, "काहून काढून राह्यल्या? शाळेचा हाय तो!" "पोरगी माही हाय," आई म्हणाली. पुढं दोन वर्षं तो फ्लेक्स आमच्या सोयाबीनच्या गंजीवर होता, माझा चेहरा आभाळाकडे करून. आजच्या फ्लेक्सवर माझ्या वर्गातल्या चार मुली आहेत. त्यांचे फॉर्म भरले का, असं मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते हसले, अगदी तसेच. "भरू ना मॅडम, घाई काय हाय?" मी गुंडाळी उचलली, माझ्या कपाटात कोंबली आणि कुलूप लावलं. म्हटलं, फॉर्म भरा, मग किल्ली मागा.