ढिगाऱ्यावर बसलेले बाबा

मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि आमच्या घरात बुद्धवंदनेपलीकडे कधी काही झालं नाही. अंगारे, उतारे, कोणीतरी दिसणं... असलं कोणी बोलायला लागलं की मी उठून जायचो. आता मी बोलायला लागलो की लोक उठून जातात.

आम्ही भद्रावतीला राहतो. गच्चीवरून पूर्वेला कोळशाच्या खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर दिसतो. बाबा तिथेच ठेकेदाराकडे कामाला होते. काही वर्षांपूर्वी त्या ढिगाऱ्याची कड घसरली आणि ते मातीखाली गेले. सोबत काम करणारे रहीमचाचा तेव्हा आईला म्हणाले होते, "भाभी, एका झटक्यात गेला. तकलीफ नाई झाली." आई त्या वाक्यावर जगत होती.

मागच्या हिवाळ्यात मी सेकंडहँड टेलिस्कोप घेतला – आरशांचा, सहा इंची. एका संध्याकाळी, उजेड असतानाच, नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण जुळवायला मी तो ढिगाऱ्यावर लावला. आईने सहज डोळा लावला आणि हसली.

"तुये बाबा हायेत. बसून डबा खाऊन राह्यले."

मी पाहिलं. माती, झुडपं, तीही उलटी. अशा टेलिस्कोपमध्ये सगळं उलटंच दिसतं.

"उलटे दिसतात का?"

"काऊन उलटे? चांगले सरळ बसले हायेत."

भास असेल म्हटलं. पण त्या दिवसापासून ती दोन घास जास्त खायला लागली, म्हणून मी गप्प बसलो. रोज संध्याकाळी वर यायची. गुडघे दुखायचे, वाकून मान आखडायची, तर वेल्डरकडून उंची कमी-जास्त होणारी खुर्ची करून आणली. "थोडं धुकट दिसते रे," म्हणायची. मग मी ते धुकटपण घालवायच्या मागेच लागलो. नळीत आतून काळं मखमली कापड चिकटवलं, आरसा गार राहावा म्हणून मागे कॉम्प्युटरचा पंखा बसवला. शेवटी आरसे काढले, त्यांच्यावरची कोळशाची धूळ धुतली आणि नीट जुळवून बसवले.

त्या संध्याकाळी आईने डोळा लावला.

"ते बसून नाई हायेत रे... कमरेपर्यंत मातीत हायेत. जेवून नाई राह्यले. डब्याच्या झाकणानं माती उकरून राह्यले."

तिने माझं मनगट धरलं. "पह्यलेसारखं कर. धुकट कर."

मी आरशाचे स्क्रू ढिले केले. मला आता नुसता पांढरट गोळा दिसत होता. आईने पुन्हा डोळा लावला.

"आता तोंड दिसते... मले आवाज देऊन राह्यले."

दुसऱ्या दिवशी मी रहीमचाचांकडे गेलो आणि आई काय म्हणते ते सांगितलं. झाकणाचं नाव काढताच त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"कमरेपर्यंत गाडला होता. लय वेळ जिंदा होता, बेटा. वरून माती येतच होती, आम्हाले जवळ जाऊ नाई देलं. झाकणानं उकरत होता आन् म्हणे, सरूले बोलवा, सरूले बोलवा... मी हे कोनालेच नाई सांगितलं. माह्या बायकोले बी नाई."

सरू म्हणजे माझी आई.

चाचांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, मग तिला झाकण कुठून कळलं? उलट्या चित्रात बाबाच सरळ कसे?

टेलिस्कोप काढून ठेवायला मी एकदाच गेलो होतो. डोळा न हलवता ती म्हणाली, "राहू दे. मी उठली तं ते कोनाकडे पाहातीन?"

आत्ता हे लिहितोय, तेव्हाही ती वरच आहे.