तोडलेलं अर्थिंग

माझी थोरली बहीण शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवायची. मी नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, तरीही शाळेच्या नव्या खोल्यांचं उद्घाटन ठरलं आणि ताईला स्वागतगीत म्हणायला सांगितलं. आमच्या घरात सगळ्यांचेच गळे चर्चमध्ये गाऊन तयार झालेले. पण ताईचा आवाज वेगळा होता. तिनं मला पोस्टकार्ड टाकलं, 'ये, पहिल्यांदाच माईकवर गाणार आहे.' मी रजा काढून सकाळच्या एसटीनं गेलो.

पोचलो तेव्हा शाळेच्या मैदानात टँकरचं पाणी शिंपडणं चाललं होतं. धूळ उडू नये म्हणून. त्याच टँकरच्या पाण्यासाठी पलीकडच्या गल्लीत बायका सकाळपासून हंडे घेऊन बसल्या होत्या आणि इथं पाहुण्यांच्या बुटांसाठी जमीन भिजवत होते. मला तिथंच संताप आला. मी ताईला म्हणालोही. ती म्हणाली, तू आज भांडायला आला आहेस का?

भोंग्यांतून 'घुंऽऽ' असा एकसारखा आवाज येत होता. लाउडस्पीकरवाला शेवगावचा होता, चाळिशीचा, अंगानं भरलेला, गळ्यात रुमाल. त्याचं आवाज वाढवायचं जुनं व्हॉल्व्हचं मशीन हेडमास्तरांच्या ऑफिसच्या खिडकीखाली बाकावर मांडलेलं होतं आणि तो एकेक बटण फिरवून बघत होता. आवाज बारीक करावा तर माईकही बारीक व्हायचा. हेडमास्तर दर पाच मिनिटांनी येऊन सांगत होते की पाहुणे यायच्या आत हा भुंगा बंद करा.

मला राहवलं नाही. मी जाऊन म्हणालो, बघू का जरा? त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हेडमास्तरांनी सांगितलं की हे आपल्या बाईंचे भाऊ, विजेच्या कामातले आहेत. मग तो बाजूला सरला, पण एक पाऊलच.

मी आधी सगळ्या वायरी काढल्या आणि एकेक करून जोडत गेलो. नुसतं मशीन चालू केलं, भोंगे गप्प. माईक जोडला, आवाज स्वच्छ. रेकॉर्ड प्लेअर जोडला आणि घुंऽऽ सुरू झालं. माईकची वायर विजेच्या वायरीवरून गेली होती, ती लांब नेली. थोडा फरक पडला, जास्त नाही. मग रेकॉर्ड प्लेअरची वायर कुठून आली आहे ते बघत मी भिंतीमागे गेलो. ती शेजारच्या पिठाच्या गिरणीतून घेतली होती. म्हणजे मशीनचं अर्थिंग शाळेचं, प्लेअरचं अर्थिंग गिरणीचं, आणि दोन्ही मशीनपाशी एकत्र आलेली. दोन अर्थिंगांमध्ये विजेच्या दाबाचा जो थोडाफार फरक असतो, तो त्या वायरीतून फिरत होता आणि भोंग्यातून ऐकू येत होता. वर्कशॉपमध्ये आमच्या वस्तादांनी हे मला एकदा दाखवलं होतं.

मी लाउडस्पीकरवाल्याला सांगितलं, दोन्ही एकाच बोर्डावरून घ्या, आवाज जाईल. तो म्हणाला, एवढी लांब वायर माझ्याकडं न्हाई. मी म्हणालो, गिरणीत मिळेल, मी आणतो. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की जीप फाट्यावर दिसली. लाउडस्पीकरवाल्यानं खिशातली पक्कड काढली, मशीनचा प्लग उपसला, त्यातली अर्थिंगची वायर कचकन तोडली आणि प्लग परत खोचला. भोंगे एकदम शांत झाले.

हेडमास्तरांचा चेहरा उजळला. मंडपातल्या लोकांनी माना डोलावल्या.

मी म्हणालो, "असं करू नका. मशीन जुनं आहे. आत कुठं करंट उतरला, तर सगळा माईकवर येईल."

तो लोकांकडं बघत म्हणाला, "पंधरा वर्सं ह्येच करतोय मी. तुमाला मिशनच्या शाळेत पेटी शिकिवली आसंल, ती वाजवा."

चार माणसं हसली. हेडमास्तरही हसले. मग ते स्वतः माईकपाशी गेले, दांडा हातात धरून 'हॅलो, हॅलो' म्हणाले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, काही होत नाही हो, बघा. त्यांना खरंच काही झालं नाही. माझे कान तापले होते. मी जाऊन मंडपाच्या कडेला, खांबाला टेकून बसलो आणि ठरवलं की आता यांचं हे बघून घेऊ देत.

आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मला तो बसलेला मी दिसतो आणि उठून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

पाहुणे आले. हार झाले. रेकॉर्ड वाजली. मग ताईचं नाव पुकारलं. लाउडस्पीकरवाल्यानं रेकॉर्ड थांबवली आणि प्लेअरची वायर मशीनमधून उपसून गुंडाळून ठेवली. मी ते बघितलं. हेडमास्तरांना झटका का बसला नव्हता, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मशीनचं स्वतःचं अर्थिंग तोडलेलं असलं, तरी प्लेअरच्या वायरीतून ते गिरणीच्या अर्थिंगला जोडलेलं होतं. आता तेही तुटलं. मला हे कळायला जितका वेळ लागला, तेवढ्यात ताई चपला काढून माईकपर्यंत गेली होती. पायाखाली ओली जमीन होती. माईक हेडमास्तरांच्या उंचीला लावलेला, म्हणून तो खाली करायला तिनं दांडा मुठीत धरला.

ती ओरडली नाही. नुसती ताठ झाली. तोंड उघडं होतं आणि भोंग्यातून घशातला एक आवाज आला, जो मी विसरलेलो नाही. लोकांना वाटलं, गाणं सुरू होतंय.

मी माणसांच्या अंगावरून पळालो. खिडकीतून आलेली वायर दोन्ही हातांनी खेचली, तशी ती प्लगसकट बाहेर आली. ताई दांड्यासकट खाली पडली.

बायका धावल्या. कुणी तळपाय चोळले, कुणी तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले आणि मला ओळखलं. उजव्या तळव्यावर पांढरट भाजल्याची रेघ उठली होती, बोटं वळत नव्हती. माझ्या मागं हेडमास्तर पाहुण्यांना सांगत होते की बाई सकाळपासून उपाशी असतील, उन्हानं चक्कर आली. चक्कर! मी वळलो. लाउडस्पीकरवाला प्लग हातात घेऊन उभा होता. मी त्याचा शर्ट गळ्याशी धरला, तो फाटला, आणि त्याला बाकावर आदळलं. मी कोणावर हात टाकलेला तो आयुष्यातला एकच प्रसंग. तो उलटला नाही. लोकांनी मला ओढलं.

बायका ताईला वर्गात निजवायला घेऊन गेल्या. मग हेडमास्तर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. पाहुण्यांचं भाषण व्हायचंय. तेवढं माईक चालू करून द्या."

मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग तो करील, त्याला येतं तसं. या एका वाक्यानं त्यांनी मला अडकवलं. मी गेलो असतो, तर तेच तोडलेलं अर्थिंग पुन्हा खोचलं गेलं असतं आणि पुढं शाळेतल्या पोरी नाचायच्या होत्या.

एवढ्यात गिरणीवाले काका तीन तारांच्या वायरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन आले. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. माझ्यापुढं वेटोळं टाकून म्हणाले, "जोडा. म्या हितंच उभा ऱ्हातो. कुनी हात लावनार न्हाई."

मी मशीनला नवी वायर लावली, अर्थिंग पक्कं केलं, प्लेअरलाही त्याच बोर्डावर आणलं. माईकपुढं दोन फळ्या टाकल्या. अर्ध्या तासाचं काम. प्रत्येक जोड दोनदा ओढून तपासला, म्हणून वेळ लागला, नाहीतर दहा मिनिटांचं. भोंग्यांतून जराही घुंऽऽ आलं नाही. पाहुण्यांनी भाषणाच्या शेवटी ध्वनिक्षेपकाची व्यवस्था उत्तम होती असं सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी मी ताईकडं गेलो, तेव्हा कळलं की हेडमास्तरांनी तिच्याकडून एक कागद लिहून घेतला आहे. अशक्तपणामुळं चक्कर आली, कुणाबद्दल तक्रार नाही. सही तिनं डाव्या हातानं केली होती, कारण उजव्यात पेन धरवत नव्हतं. मी तिच्यावर एवढा चिडलो की घरमालकीण दारात येऊन उभी राहिली.

ताईनं मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, "तू संध्याकाळच्या गाडीनं नागापूरला जाशील. मला उद्या त्याच शाळेत जायचंय. आणि तुला माहीत होतं ना? मग तू खाली जाऊन का बसलास?"

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

त्याच दिवशी गाडीला अवकाश होता, म्हणून मी शेवगावात त्या लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानात गेलो. भांडायचंच होतं. तो एकटा होता. मला बघून उभा राहिला. मी म्हणालो, मशीन उघड. त्यानं चार स्क्रू काढले. ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरचा कागद एका कडेला जळून काळा पडला होता आणि तार पत्र्याला टेकत होती. मी तिथं बोट दाखवलं. त्यानं वाकून त्या काळ्या कडेवरून बोट फिरवलं.

"मला कुनी सांगितलंच न्हाई कदी," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं."

"व्हय," तो म्हणाला. "तुमी सांगितलं हुतं."

माफी त्यानं मागितली नाही. मीही मागितली नाही, शर्ट फाडल्याची. त्याला ट्रान्सफॉर्मर बदलायला लावलं, तीन पिनांचा प्लग मी स्वतः बसवून दिला आणि स्टँडवर आलो. गाडीत सगळा रस्ता माझ्या दाढा आवळलेल्या होत्या.