गादीत शिवलेले बिब्बे

सून गादी ओढत अंगणात घेऊन आली तेव्हा मी शेळ्यांना पाला टाकत होतो. पाला हातात तसाच राहिला. ती गादी दहा महिने आतल्या खोलीत पेटीवर गुंडाळून ठेवलेली होती, अन् मी त्या खोलीत कामाशिवाय पाय टाकत नव्हतो. झोपायला मला ओसरीवर चटई बस होती.

"मामा, ह्या गादीचा सोफा करायचा," सून म्हणाली. ती मला मामा म्हणते. माझ्या बायकोला आत्या म्हणायची.

तिला सातवा महिना लागला होता. खाली बसली की उठताना भिंत धरायची, मग खांब धरायची, अन् मधेच दम खात उभी राहायची. प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय मोडलेला. मोबाईलवर तिनं कुठंतरी पाहिलं होतं की जुनी गादी कापून बसायचं करतात. पोरगा कनेरगाव नाक्यावर धाब्यात भाजी-रोटी करतो, घरी आठ दिवसांनी येतो. त्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, दादाला सांग, त्यांचा हात बसलेला आहे. दादा म्हणजे मी. ते खरं होतं. हिंगोलीच्या मोंढ्यात, मालाच्या बाजारात, माझी उमर हळदीची पोती शिवण्यात गेली. दाभण अन् सुतळी द्या, डोळे मिटून शिवीन.

पण त्या गादीला मला हात लावायचा नव्हता. काहून, ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो.

आमच्याकडं माणूस जायला लागलं की त्याला खाली घेतात. गादीवर, खाटेवर जीव जाऊ देत नाहीत. भुईवर घोंगडी टाकायची, माणूस तिच्यावर घ्यायचं, तोंडात तुळशीचं पान अन् पाणी घालायचं. ज्याचा जीव गादीवर गेला तो गादीतच अडकून राहतो, असं आमची माणसं मानतात. मी बी मानतो. शिकलेल्यांनी हसायचं तर हसावं. अशी गादी घरात ठेवत नाहीत, गावाबाहेर नेऊन टाकतात. पोटुशी बाई तर तिच्या सावलीला जाऊ देत नाहीत.

माझी बायको त्या गादीवर गेली. माझ्या शेजारी. मी घोरत होतो.

पहाटे उठून मी तिला हलवलं, चहा टाक म्हणालो. हात थंड लागला. मग गाल थंड लागला. मला वाटलं होतं असं काही झालं तर मी ओरडेन. मी ओरडलो नाही. मला लोकांची भीती वाटली. नवरा हातभर अंतरावर झोपलेला अन् बायको पाण्याविना गेली, असं गाव म्हणंल. हे सांगायला लाज वाटते, पण बराबर असंच झालं. मी घोंगडी टाकली, तिला उचललं, खाली ठेवलं. ती हलकी होती, पण मला पेलवेना. वृंदावनातलं पान आणून तोंडात ठेवलं, तांब्यातलं पाणी घातलं. पाणी आत गेलं नाही. ओठावरून कानाकडं वाहत गेलं. मी धोतराच्या सोग्यानं ते पुसलं, अन् मगच पोराला हाक मारली; तो त्या रात्री घरी होता.

शेजारची म्हातारी सगळ्यात आधी आली. तिनं विचारलं, खाली घेतलं होतं का. मी व्हय म्हणालो. पाणी गेलं का, म्हणाली. दोन घोट गेलं, म्हणालो. मग ती सगळ्यांना सांगत सुटली की बाई पुण्यवान, नवऱ्याच्या हातचं पाणी पिऊन गेली. बायकांनी लुगड्यांचा आडोसा करून माझ्या बायकोला आंघोळ घातली. सून बी त्यात होती. बाहेर माणसं माझ्या पाठीवर हात फिरवत होती, अन् मी मान हलवत होतो.

तिचे कपडे गेले, पांघरूण गेलं. गादी राहिली. ती घोंगडीवर गेली असंच सगळ्यांना वाटत होतं, मग चांगली गादी कोण टाकतं?

म्हणून मी सुनेला आधी म्हणालो की त्यात उंदरं झालीत. तिनं काठी घेतली अन् मला दाखवत दाखवत गादी झोडपली. धुळीशिवाय काही निघालं नाही. मग म्हणालो, कापूस सडला असंल. तिनं शिवणीत बोट घालून चिमूटभर कापूस काढून माझ्या नाकाला लावला. मग म्हणालो, बाजारातून फोमची आणू. त्यानं अंग तापतं म्हणाली. शेवटी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मामा, खरं सांगा, तुमाला काम नको का मी बसलेली नको?"

मी दाभण शोधायला गेलो.

जुन्या घराचं दार गोठ्यात पडून होतं. ते काढलं, घासलं, ओसरीवर भिंतीला लागून विटांच्या चार ढिगांवर आडवं ठेवलं. दोन दिवस त्यात गेले. मी मुद्दाम हळू केलं. एक ढीग तीनदा रचला. तिसऱ्या दिवशी गादी उसवायची होती.

गादी बायकोनंच भरून घेतली होती. शेवटच्या वेचणीचा कापूस, बाजारात ज्याला कोणी विचारत नाही तो, तिनं बाजूला ठेवला होता. पिंजारी दारात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर बसून पिंजून घेतला. टाके दूर टाकतोस म्हणून त्याला अर्धी गादी पुन्हा शिवायला लावली. मुठीएवढ्या अंतरावर एक टाका, अन् प्रत्येक टाक्याला वर जाड दोऱ्याची गाठ. मला त्या गाठी पाठीला टोचायच्या. तिला म्हटलं की म्हणायची, तुमची पाठ मोंढ्यात पोत्याला टेकते तेव्हा टोचत न्हाई का?

मी त्या गाठी एकेक करून ब्लेडनं कापल्या. तिची बाजू आली तेव्हा मी थांबलो, चहा मागितला, पिऊन पुन्हा बसलो. आत कापसाचे गोळे झाले होते. मी ते बोटानं मोकळे केले अन् उन्हात पसरले. प्रत्येक गोळ्याला मला वाटायचं, आता काहीतरी होईल. काय होईल ते ठाऊक नव्हतं. शेळी ओरडली तरी मी दचकायचो. सून पलीकडं बसून तांदूळ निवडत होती. बारशाला कोणाला बोलवायचं ते सांगत होती. मला त्यातलं एक नाव कळलं नाही. मी तिच्या पोटाकडं पाहायचो अन् पुन्हा कापसाकडं.

सांगून टाकावं असं दहादा वाटलं. पण सांगितलं तर सगळंच सांगावं लागणार. पाणी गेलं नाही, हे बी. पोराला कळंल. आईच्या तोंडात पाणी गेलं ह्यावर त्याचं रडणं थांबलं होतं.

दुपारी सून आत आडवी झाली तेव्हा मी बायकोचा डबा काढला. ओवा, हिंग, हळकुंड अन् खाली बिब्बे. शेतात पायाला भेगा पडल्या की ती बिब्ब्याचं तेल भरायची. आमच्याकडं बाळंतिणीच्या खाटेलाही बिब्बा बांधतात, काही वाईट लागू नये म्हणून. मी पाच बिब्बे घेतले. घसरून एका कोपऱ्यात जाऊ नयेत म्हणून दाभण चुलीत तापवली अन् एकेकातून आरपार काढली. दोऱ्यात ओवले. बसायच्या भागात मधोमध, कापसाच्या वरच्या थरात ठेवले अन् कापड ओढून शिवून टाकलं. वर जुनी सोलापुरी चादर ताणली. उरलेली अर्धी गादी टेकायला भिंतीकडं बांधली. शिवण अशी बारीक घातली की मोंढ्यातला मुकादम असता तर तो पाहतच राहिला असता. दहा महिन्यांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

सून उठून बाहेर आली, पाहून हसली. लगेच बसायला निघाली. मी म्हणालो, आज अमावस्या, उद्या बस. अमावस्या नव्हती. तिनं कॅलेंडर बघितलं नाही.

सकाळी उठलो तर उजव्या हाताचं बोट केळ्यासारखं सुजलेलं. शेजारच्या बोटावर पाण्याचे फोड, कडेनं काळं. आग अशी की हात झटकत ओसरीवर फिरलो. आधी वाटलं, बायकोनंच केलं. गादी उसवली म्हणून हात धरला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, तिचं नाव घेतलं, माफी मागितली. मग फोडाजवळचा काळा डाग दिसला. बिब्बा उतला होता. तापलेल्या दाभणीनं बिब्बा फोडला की तेल निघणारच अन् ते कातडी जाळणारच, लहान लेकराला बी ते ठाऊक असतं. ते तेल माझ्या बोटाला लागलं होतं.

अन् तसे पाच बिब्बे मी फोडून गादीच्या वरच्या थरात शिवले होते, जिथं सून अंगाचा सगळा भार टाकून बसणार.

मी वळलो तर ती चहाचा कप घेऊन ओसरीवर आलेली. पाठ सोफ्याकडं करून, एक हात मागं टेकवत खाली बसायला लागली होती.

"बसू नको," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असेन, कारण शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

ती अर्ध्यात थांबली. मी तिला हाताला धरून बाजूला केलं, चादर ओढून काढली, ब्लेडनं शिवण चिरली. डाव्या हातानं दोरा ओढला तसे बिब्बे एकामागं एक बाहेर आले. कापसाला तपकिरी डाग पडले होते. ती बिब्ब्यांकडं पाहत होती, मग माझ्या बोटाकडं.

"काहून, मामा?"

मी भुईवर बसलो. उभ्यानं सांगता आलं नसतं. सगळं सांगितलं. गादीवर गेली ते, मी झोपलो होतो ते, मागून खाली घेतलं ते, पाणी कानाकडं वाहून गेलं ते. म्हणालो, ही गादी मी आज नेऊन जाळतो, तुला लाकडाचीच बैठक करतो, फक्त पोराला सांगू नको.

तिनं कप खाली ठेवला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "आत्याला आंघोळ घालताना पाठ मी धरली व्हती. पाठभर टाक्याच्या गाठी उमटल्या व्हत्या, मुठीएवढ्या अंतरावर. घोंगडीवर गेलेल्या माणसाला गाठी उमटत न्हाईत."

"बाकीच्या बायांनी?"

"शेजारच्या म्हातारीनं पाह्यलं. माझ्याकडं बघितलं अन् भराभर पाणी टाकलं."

म्हणजे गावभर नवऱ्याच्या हातचं पाणी पिऊन गेली म्हणून सांगत फिरणारी म्हातारी हे जाणून होती. मला तोंड कुठं लपवावं ते कळेना.

"मग दहा महिने बोलली काहून न्हाईस?"

"तुमी काहून बोलले न्हाई?"

मग मी विचारलं की ठाऊक असून तिनं हीच गादी काहून काढली. ती म्हणाली, घरात एवढीच गादी आहे, अन् मला खाली बसवत नाही. मग तोंड फिरवून म्हणाली, "आत्यांनी जितेपणी मला घडीभर बसू दिलं न्हाई. आता बसते त्यांच्याच गादीवर. काय करतात बघू."

मला हसू आलं, अन् हसता हसताच रडू आलं. मग जे मी दहा महिने मनातच ठेवलं होतं ते तिला विचारलं. म्हणालो, तुझ्या आत्यानं मला हाक मारली असंल का. कोपरानं ढोसलं असंल का. मी घोरलो की ती ढोसायची, मी कूस बदलायचो. त्या दिवशी बी कूस बदलली असंल तर?

तिनं खोटं सांगितलं असतं तर मी मानलं असतं.

"मला काय म्हाईत, मामा. मी बी भिंतीपलीकडंच व्हते. मला बी काही ऐकू आलं न्हाई."

डाग पडलेला कापूस तिनं फडक्यानं उचलून चुलीत घातला. माझ्या बोटाला खोबरेल लावलं. मी डाव्या हातानं वेडीवाकडी शिवण घातली, अन् ती शिवण आजही तशीच आहे. मग मी म्हणालो, आधी मी बसतो. बसलो. गाठी नसलेली ती गादी पाठीला नुसती मऊ लागली, अन् मला ते सोसेना. मी उठलो. ती बसली, पाय लांब केले, गार झालेला चहा प्यायली.

पोराला तिनं सांगितलं का, ते मी विचारलं नाही. तो आला की त्या सोफ्यावर आडवा होतो.

नात झाली, आता दोन महिन्यांची आहे. दुपारी तिला तिथंच निजवतात, उशीचा बांध घालून. मी खाली चटईवर बसतो. झोप आली तरी झोपत नाही. ती फार वेळ हलली नाही की मी पुढं सरकतो. मग मी ते बोट, त्याचं नख अजून काळं आहे, तिच्या नाकाखाली धरतो. श्वास लागतो. जरा वेळानं पुन्हा धरतो. कधी कधी पोरगी नाक मुरडून उठते अन् रडायला लागते, अन् सून आतून म्हणते, मामा, लेकराला झोपू द्या.