जीपखालचा पुठ्ठा

काल लिटिल इंडियात हिंगाची डबी उघडून पाहिली आणि नाकात थेट माझ्या जीपच्या ऑइलचा वास शिरला. मागच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियल असतं, त्यातलं ऑइल असंच उग्र असतं. मलेशियाच्या चिखलात मनसोक्त भटकून आल्यापासून ते आमच्या कॉन्डो सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठिबकत होतं. मेकॅनिकने दोनदा ऑइल अडवणारं सील बदललं, तरी गळती तशीच, शेवटी म्हणाला, "टू ओल्ड, मॅडम. सेल लाह." नवरा म्हणाला, "अगं, दारात एमआरटी मेट्रो आहे, विकून टाक एकदाची." त्यातच कॉन्डोच्या मॅनेजरचं पत्र आलं, शनिवारपर्यंत गळती थांबवा, नाहीतर गाडी हलवा. शनिवारी सकाळी नवऱ्याचा जुना शर्ट घालून मी पुठ्ठा अंथरला आणि जीपखाली शिरले. मॅनेजर धावतच आला, "नो रिपेअर हिअर!" मी खालूनच ठणकावलं, "गळतीही नको, दुरुस्तीही नको? मग उभे राहून बघा." डिफरन्शियलमधली गरम हवा सुटायला वर एक बारीक नळी असते, तिचं तोंड वाळलेल्या चिखलाने पार बुजलं होतं. हवा आत कोंडायची आणि ऑइलला सीलमधून बाहेर ढकलायची. दोनदा सील बदलणाऱ्याने वर पाहिलंच नव्हतं! बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि सगळा चिखल कोरून काढला. मग तासभर जीप पळवून आणली, खाली नवा पुठ्ठा सरकवला. संध्याकाळपर्यंत त्यावर एक थेंब नव्हता. आजही मी रोज जीपखाली पुठ्ठा घालते. गरज काहीच नाही, पण मॅनेजरला जाता-येता तो कोरडा दिसलाच पाहिजे.