डाव्या दिव्याचा उजेड

माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही दिव्यांची काच पिवळी पडली होती. काच म्हणायची पद्धत आहे, असतं ते प्लास्टिक. कारखान्यात त्यावर एक पातळ थर दिलेला असतो. तो उन्हाने गेला की प्लास्टिक आधी धुरकट होतं, मग पिवळं. एकोडीतल्या आमच्या घराला लागून पत्र्याचा शेड आहे आणि तो पश्चिमेला उघडा आहे. गाडी तोंड बाहेर करून उभी असते. दुपारनंतरचं सगळं ऊन बारा वर्षं त्या दिव्यांनी घेतलं.

शेडच्या समोर आठ फुटांची गल्ली आणि गल्लीपलीकडे शेजारच्या दादा-वहिनींचं घर. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. गावच्या तलावात मासे धरतात, उरलेल्या वेळात ओसरीवर बसून जाळं सांधतात. नागपूरच्या एका दैनिकात अठ्ठावीस वर्षं उपसंपादकी करून मी गावी परतलो, तेव्हा पहिल्या दिवशी घरी जेवायला बोलावणारे तेच.

दोन वर्षांपूर्वी, भाद्रपदात, दिवेलागणीच्या वेळी दादा आमच्या अंगणात आले. मी खुर्चीवर बसलो होतो. ते म्हणाले, "भाऊ, हिचं तोंड वाकडं होऊन राहिलं. गाडी काढता का?"

तोंड वाकडं होणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आरोग्याच्या पुरवणीत पक्षाघाताचा मजकूर मी दोनदा लावला होता. पहिल्या काही तासांचं महत्त्व सांगणारी चौकटही मीच केली होती. मी दादांना म्हणालो की गाडीचे लाइट फार मंद झालेत, अंधारात रस्ता दिसायचा नाही, दुसरं काही पाहा.

दादांनी पुन्हा विचारलं नाही. रुग्णवाहिका लांबच्या गावी गेलेली होती. शेजारच्या गावातली ऑटो मिळाली ती दोन तासांनी, आणि तीही वाटेत बंद पडली. साकोलीच्या दवाखान्यात वहिनी पोचल्या तेव्हा चार तास होऊन गेले होते. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं गेलं, तीन-चार शब्द उरले.

तेव्हापासून वहिनी दिवसभर ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. खुर्चीचं तोंड गल्लीकडे, म्हणजे माझ्या शेडकडे. त्यांना तसं मुद्दाम कोणी बसवलेलं नाही. त्या घराला ओसरी एकच आहे आणि ती याच बाजूला आहे. मी सकाळी दार उघडतो तेव्हा त्या असतात. संध्याकाळी लावतो तेव्हाही असतात. काही वेळा दार लावून घेतल्यावर मी आत उभा राहतो आणि त्या अजून तिकडेच पाहत आहेत का, याचा अंदाज घेतो.

दादांनी मला कधी बोल लावला नाही. उलट चौकात विषय निघाला की तेच सांगत, "भाऊनं नाही म्हटलं नाही. गाडीले लाइटच नव्हते, ते तरी काय करतीन?" हे वाक्य मी स्वतः चार वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी मान हलवली.

खरं असं की त्या संध्याकाळी मी खुर्चीवरून उठलोच नव्हतो. शेडमध्ये जाऊन दिवे लावून पाहिले नव्हते. रस्ता दिसला असता की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. डेस्कवर कारण पक्कं झाल्याशिवाय मी ते कधी छापू दिलं नाही. इथे मात्र न तपासलेलं कारण दोन वर्षं गावात फिरत होतं, आणि दिलेलं मीच होतं.

यंदा मार्गशीर्षात दादा म्हणाले की नागपूरच्या डॉक्टरांनी शुक्रवारी सकाळी आठचा नंबर दिला आहे. पहाटे पाचला निघावं लागेल. नेता का, आणि हो, लाइटचं तेवढं पाहा. मी हो म्हणालो.

पहिल्या दिवशी टूथपेस्टने घासून पाहिलं. कुणीतरी सांगितलं होतं. गल्लीतून धानाचा भारा घेऊन जाणारी एक म्हातारी थांबली आणि म्हणाली, "काय भाऊ, गाडीचे दात घासून राहिले का?" ओसरीवर वहिनी हसल्या. अर्ध्याच चेहऱ्याने हसू येतं त्यांना. टूथपेस्टने तासभर बरं दिसलं. वाळल्यावर पिवळेपणा होता तसाच वर आला.

दुसऱ्या दिवशी साकोलीतल्या रंगाच्या दुकानातून सामान आणलं. कागदी टेप, पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर चार नंबरांचा, पॉलिशची डबी आणि वरून मारायचा पारदर्शक लॅकर. दिव्याच्या कडेने टेप लावली, बादलीत पाणी घेतलं आणि उजव्या दिव्यापासून सुरुवात केली. आधी चारशे नंबर, सगळं आडवं. मग आठशे, उभं. बाराशे, दोन हजार. पहिल्या पेपरला पिवळं पाणी उतरतं, नंतर दुधासारखं. मधल्या टप्प्यावर दिवा पूर्वीपेक्षा वाईट दिसतो, पांढरा, मोतीबिंदू पिकल्यासारखा. तिथे थांबायचं नसतं. शेवटी सुती फडक्याने पॉलिश चोळलं की आतली वाटी दिसायला लागते, तिच्या मधोमध बल्ब. एका दिव्याला अडीच तास लागले. लॅकर न मारता सोडलं तर सहा महिन्यांत पुन्हा तेच, म्हणून दोन हात मारले.

डाव्याला हात लावला नाही. खांदा भरून आला होता, हे एक. दुसरं असं की डावा अजून तसाच होता, आणि तो घासला की तपासायचं काही उरणार नव्हतं.

दादा तलावावरून परतले तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. लावून दाखवा म्हणाले. मी उजव्या दिव्यावर गोणपाट टाकलं. ते म्हणाले, "नवा झाकून काहून ठेवता?" आधी जुना पाहू, म्हणालो. चावी फिरवली आणि दिवे लावले.

डाव्या दिव्याचा उजेड गल्ली ओलांडून ओसरीवर पडला. पिवळसर होता, कडा फाटलेल्या होत्या. पण भिंतीवरच्या विटा दिसत होत्या, खुंटीवरचं जाळं दिसत होतं, त्याचे दोरे मोजता आले असते. खुर्चीत बसलेल्या वहिनींनी डावा हात उचलून डोळ्यांवर धरला.

त्यांना तो उजेड सहन होत नव्हता.

दादा एकदा ओसरीकडे पाहत होते, एकदा दिव्याकडे. बल्ब तोच होता, बॅटरीही तीच. काच मधल्या दोन वर्षांत आणखी पिवळी झाली होती. म्हणजे त्या संध्याकाळी उजेड याहून कमी नव्हता. हा हिशोब मी मनात केला. दादांनीही केला असावा, कारण त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तवाही इतका होता?"

"याहून जास्त होता," मी म्हणालो.

"मंग काहून नाही आले?"

उत्तर माझ्याकडे होतं. गाडीत माणूस दगावला तर पोलीस, जबाब, पंचनामा, हे सगळं डेस्कवर मी इतक्या वेळा वाचलं होतं की दादा अंगणात उभे होते तेव्हा मला वहिनींचा चेहरा दिसलाच नाही, दिसली ती बातमी. हे सांगायला तीन वाक्यं पुरली असती. गाडी नुसतीच सुरू होती.

दादा गल्ली ओलांडून गेले, वहिनींची खुर्ची उचलून ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली, उजेडाबाहेर. मला वाटलं आता ते दार लावून घेतील. ते परत आले. मी दिवे बंद केले होते. त्यांनी बादलीतला पेपर काढून झटकला आणि डाव्या दिव्यासमोर उकिडवे बसले.

"कसं घासा लागते?"

"आधी आडवं."

त्यांनी घासायला घेतलं. जाळं सांधणाऱ्या माणसाचा हात, एकसारखा चालतो. मी मोबाइलचा टॉर्च धरून उभा राहिलो आणि पेपर बदलायची वेळ झाली की पुढचा नंबर देत गेलो. घासलेलं पिवळं पाणी बंपरवरून खाली मातीत गळत होतं. दोन तासांनी दोन्ही दिवे सारखे दिसायला लागले.

शुक्रवारी पाचला निघालो. पाय लांब करता यावा म्हणून वहिनींना पुढे बसवलं. दादा मागे बसले, माझ्या पाठीशी नाही, मधोमध, जिथून समोरचा रस्ता दिसतो. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. ते माझ्याकडे नव्हते. बांध, बाभळी, वळणावरचे पांढरे दगड, जे जे उजेडात येत होतं ते ते पाहत होते.

साकोलीत दवाखान्याच्या फाटकासमोरून जाताना त्यांनी विचारलं, "घरून किती मिनटं झाले?"

मी घड्याळ पाहिलं. सतरा, म्हणालो. रस्ता आता मोकळा होता. संध्याकाळी सायकली असतात, परतणारी जनावरं असतात, तेव्हा वीस लागतील. तेही त्यांना सांगितलं.

"वीस," दादा म्हणाले. वहिनींची मान माझ्याकडे वळली होती. मी समोर पाहत गाडी चालवत राहिलो.