अक्षतांच्या आधीची सही

कुवेतमध्ये पगारावर कर नाही. त्यामुळे मी आयुष्यात कधी कराला घाबरले नव्हते. घाबरले ती एकदाच, आणि तीही अमेरिकेच्या कराला, जिथे मी तोवर पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. आता नातवंडं विचारतात, "आजी, तुला तिथल्या टॅक्सचं काय पडलं होतं?" मी म्हणते, शहाणपणा अंगात मावत नसला की माणसाला कशाचंही पडतं.

आमची मुलगी अमेरिकेत शिकत होती, विद्यार्थी व्हिसावर. आम्ही दोघं कुवेतमध्ये, हवल्लीत; हे तेल कंपनीत इंजिनिअर. कुवेतचा एक नियम होता. इथल्या रेसिडेन्सीवरचा माणूस सलग सहा महिने देशाबाहेर राहिला की रेसिडेन्सी रद्द. ज्यांची मुलं बाहेर शिकत होती त्या सगळ्या आया या नियमाच्या नावाने बोटं मोडायच्या. मी वरवर त्यांच्यात सामील व्हायचे आणि आतून त्या नियमाला हात जोडायचे. त्याच्यामुळे पोरगी वर्षातून दोनदा घरी यायची. यायलाच लागायचं तिला. परीक्षा असो, थंडी असो, कंटाळा असो.

दुसरा नियम असा की मुलगी बापाच्या रेसिडेन्सीवर राहणार ती लग्न होईपर्यंतच.

आणि डिसेंबरात तिने तिकडे कोर्टात लग्न केलं होतं. पळून वगैरे नाही. मुलगा मूळ नागपूरचा, पण अमेरिकेत कायमचा राहणारा, आम्हीच पसंत केलेला. कागदपत्रांना वेळ लागतो म्हणून नोंदणी आधी उरकायची आणि खरं लग्न मेमध्ये पुण्यात, असं ठरलं होतं. तेव्हा परदेशात मुलं असलेली बरीच घरं असंच करायची. अक्षता पडल्याशिवाय लग्न झालं असं कोण म्हणणार? कोर्टातून निघाल्यावर दोघांनी आपापल्या खोलीवर जायचं, असा हुकूम मी फोनवरून सोडला होता. पाळला का, ते विचारलं नाही. तेवढी अक्कल तेव्हाही होती.

मार्चअखेर ती आली. त्याच आठवड्यात तिच्या रेसिडेन्सीचं नूतनीकरण होतं. माझ्याकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं. भारतीय दुकानातून महागाच्या कैऱ्या आणून मी डाळ केली होती आणि लेकीला पन्ह्याचे ग्लास फिरवायला लावलं होतं. एक मैत्रीण कुंकवाचा करंडा हातात घेऊन तिच्यापुढे थांबली. "हिला हळदीकुंकू लावू का सवाष्णीसारखं?" असं तिने थट्टेतच विचारलं.

"छे गं," मी म्हटलं. "कुमारिका आहे अजून."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग ग्लास खाली ठेवून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कुरिअरने जावयाचं पाकीट आलं. आत अमेरिकेच्या कराचे कागद होते. त्याची सही झालेली होती, हिची बाकी होती. मी त्याला फोन लावला.

"काकू, दोघांनी मिळून एकच रिटर्न भरतोय," तो म्हणाला. "ती विद्यार्थी व्हिसावर आहे ना, म्हणून तिला इथली रहिवासी धरा असं एक वेगळं निवेदन जोडावं लागतं. त्यावर दोघांच्याही सह्या हव्यात. एप्रिलच्या मध्याच्या आत पोस्टात पडायला हवं."

"आणि त्यात काय लिहिलंय?"

"की आमचं लग्न झालंय. आणि जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न दाखवायचं."

"म्हणजे ह्यांचा कुवेतचा पगारसुद्धा?"

"काकांचा नाही हो, आमचं दोघांचं."

तेवढ्यावर थांबायचं ना? पण मी तेव्हा घरातली कायदेपंडित होते. "हे बघा, या वर्षी तिला अविवाहित म्हणूनच भरू द्या. पुढच्या वर्षीपासून जोडीने भरा. लग्न मेमध्ये आहे."

"काकू, एकतीस डिसेंबरला जे असाल ते इथे अख्ख्या वर्षाचं धरतात. अविवाहित लिहिलं तर खोटं होईल. पुढे तिचे इमिग्रेशनचे कागद करताना ते निघालं तर तिला इथे राहणं अवघड होईल."

"तुमच्या सरकारला अक्षता कळत नाहीत," असं म्हणून मी फोन ठेवला. वा रे बाई. जणू सरकारचं तोंडच बंद केलं.

मला खरी धास्ती वेगळीच होती. तिकडे तिने 'विवाहित' म्हणून सही केली की इकडे रेसिडेन्सी ठेवता येणार नाही. रेसिडेन्सी गेली की सहा महिन्यांचा नियम गेला. मग ती का येईल? मेमध्ये लग्न झाल्यावर हे व्हायचंच होतं, पण मला रेसिडेन्सी तोवर तरी टिकवायची होती, नंतर कसंतरी लपवून आणखी एखादी खेप. वाण्याकडून मूठभर जास्तीचे दाणे उचलावेत, तसा माझा हिशेब.

संध्याकाळी कंपनीचा मंदूब आला. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांची कामं करणारा माणूस. हा हैदराबादचा होता. जेवणाच्या टेबलावर कराचे कागद पसरलेले होते. त्याने त्यांच्याच शेजारी एक अरबी कागद ठेवला.

"बस एक साइन साब. कल सुबह जवाजात के दफ्तर में दे देता."

"इसमें लिखा क्या है?" ह्यांनी विचारलं. सवय होती त्यांची, न वाचता सही नाही.

"लडकी की शादी नहीं हुई, बाप बोल रहा है. इतना ही."

ह्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांची नजर शेजारच्या कागदांवर गेली. ते थांबले. मी पटकन पुढे होऊन कराचे कागद उचलायला लागले, चहाला जागा करण्याच्या बहाण्याने.

"राहू दे ते तिथेच," हे म्हणाले.

"चहा सांडेल."

"सांडू दे."

मंदूब आमच्याकडे बघत होता. लेक खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"करा ना सही," मी मराठीत म्हटलं. "खोटं कुठे आहे? अंतरपाट धरलाय का अजून? मंगळसूत्र घातलंय का?"

"आई, आय ॲम मॅरिड," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही तिने.

"तू गप्प बस. कोर्टात सही केली म्हणजे..."

"मग मी काय करू? बाबांनी इकडे सही करायची, माझं लग्न झालं नाही म्हणून. आणि मी त्याच टेबलावर सही करायची, झालंय म्हणून? उद्या कोणी बाबांना विचारलं तर? त्यांची नोकरी इथे आहे."

अडचणीत आले की मी मोठ्याने बोलायचे. पण परका माणूस बसला होता, त्यामुळे तेही जमेना. ह्यांनी पेन हातात तसंच ठेवून दोन्ही कागद शेजारी शेजारी ओढले. मला वाटत होतं, कुठल्याही क्षणी माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला रडता आलं असतं.

"कॅन्सल करने को क्या लगता है?" त्यांनी मंदूबला विचारलं.

"कॅन्सल?" त्याने माझ्याकडे बघितलं. "पासपोर्ट, सिव्हिल आयडी. लेकिन फिर लडकी को जाना पडेगा साब. थोडे दिन मिलते हैं."

"उसका टिकट वैसे भी अगले हफ्ते का है."

लेक खुर्चीवर बसली, बापाच्या हातातलं पेन घेतलं आणि कराच्या कागदांवर सह्या केल्या. अरबी कागद मंदूबने घडी करून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी ती बापाबरोबर जवाजातला, म्हणजे रेसिडेन्सीच्या कचेरीत गेली. पाकीट कुरिअरला देण्याचं काम माझ्याकडे आलं. मीच मागून घेतलं होतं. कशासाठी, ते सांगायला नको. दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं, गुरुवारी दुपारी बंद व्हायचं ते शनिवारीच उघडायचं. मी मुद्दाम उशिरा निघाले. वाटेत भाजी बघितली, नको असलेल्या कोबीचे भाव विचारले. उद्या जुम्मा, म्हणजे शुक्रवारची सुट्टी. आज चुकलं की शनिवार. शनिवारी आणखी काही निमित्त काढता येईल. एकदा तारीख उलटली, की मग सगळे हात वर करतील आणि... पुढे काय, ते माझ्या डोक्यात नव्हतंच. पोरीला दंड होईल, तिचे कागद अडतील, एवढं कळत होतं, तरी पाय उचलत नव्हते.

पोचले तेव्हा दुकानातला माणूस शटर ओढत होता. मला बघून त्याने ते कमरेइतक्यावर थांबवलं.

"अर्जंट?" त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं असतं तर ते खाली आलं असतं. मी बाहेर उन्हात उभी, पाकिटाला घामाचे डाग पडलेले. त्या पाकिटावर लेकीने माझं घर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून लिहिलं होतं, आणि जावयाचं घर पोचवायचा म्हणून.

"अर्जंट," मी म्हटलं आणि पदर सावरून शटरखालून वाकून आत गेले. बाहेर येताना कंबर धरली ती चार दिवस सुटली नाही. झालं ते योग्यच झालं.

घरी आले तर लेक बॅग भरत होती. पासपोर्ट पलंगावर पडला होता, आतल्या पानावर रद्द केल्याचा शिक्का. मी कैरीची उरलेली डाळ डब्यात भरून दिली, कपड्यांमध्ये वास लागेल म्हणून तिने ती परत बाहेर काढली, मी पुन्हा आत घातली.

"आता कधी येशील?" मी विचारलं. मान वर न करता.

"पुण्यात भेटूच ना मेमध्ये."

"इथे गं."

"इथे आता व्हिजिट व्हिसा लागेल." तिने चेन ओढली. "तो मला नाही काढता येत. बाबांना अर्ज करायला लागेल. आता तुम्ही बोलवायचं, आई."

मी पंचवीस वर्षांच्या संसारात कुणाला ये म्हणून बोलावलेलं नव्हतं. सगळे आपोआप येतील अशीच व्यवस्था होती. लग्न आटोपून पुण्याहून परतल्यावर तिच्या व्हिसासाठी मी ह्यांच्या मागे लागले, तर हे म्हणाले, "अगं, आत्ता तर अक्षता टाकल्या तिच्यावर." मी म्हटलं, त्या मे महिन्यातल्या. लग्न डिसेंबरातच झालंय, अर्ज भरा.