फरशीची धूळ

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. विषय निघाला की उठून जायचो. मुलगा म्हणतो, "जाऊ दे की आता, कुणाला आठवतंय?" मला आठवतंय. तेवढं पुरे आहे.

घरातली फरशी बदलायला काढली होती. ऐन उन्हाळा. घरात धूळ नको म्हणून कटर मीच गच्चीवर न्यायला लावला. शेजारच्या वहिनींची गच्ची आमच्या गच्चीला लागून. त्या एकट्या राहायच्या, कांदा-लसूण चटणी करून विकायच्या. त्यावरच त्यांचं घर चालायचं. त्या दिवशी त्यांच्या मिरच्या वाळत होत्या.

"भावजी, कटर संध्याकाळी चालवा की. मिरच्या हायत."

"गवंडी काय तुमच्या मिरच्यांसाठी थांबणार व्हय, वहिनी?" मी म्हणालो.

त्या खोबरं-तीळ आणायला शाहूपुरीत गेल्या. इकडे कापाकापी उरकली. गच्चीभर तुकडे आणि पांढरी भुकटी. गवंडी म्हणाला, "पाणी मारून गोळा करतो." मी ओरडलो, "चिखल करून ठेवशील. कोरडंच झाड." खरमाती पोत्यांत भरली गेली, पण झाडताना उठलेला लोट वाऱ्यानं सरळ पलीकडे नेला. मिरच्या पांढऱ्या झाल्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय केलं? कठडा ओलांडून गेलो, मिरच्यांखालची चादर झटकली, मिरच्या खालीवर केल्या. पुन्हा लाल दिसू लागल्या. जिना उतरताना मोठी हुशारी केल्यासारखं वाटलं. थू!

वहिनींनी त्याच मिरच्या कांडपवाल्याकडून कांडून आणल्या. चटणी दाताखाली कचकचू लागली. लोक बरण्या परत घेऊन आले. वर्षानुवर्षं ती चटणी भाकरीबरोबर खाऊन बोटं चाटणारेच म्हणू लागले, "वजनासाठी वाळू घालती बाई." निर्लज्ज सगळे! चहाच्या गाड्यावर एकानं मला विचारलं, "तुमी शेजारी. तुमास्नी म्हाईत असंल की?" मी म्हणालो, "आपण कशाला कुणाच्यात पडा?" ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. गल्लीवर कसला चिडतोय मी? गल्लीला ठाऊक नव्हतं. मला होतं.

कांडताना त्यानंच वाळू मिसळली असं समजून वहिनींनी कांडपवाल्याच्या दारात जाऊन त्याला शिव्या घातल्या. पुढच्या उन्हाळ्यात चटणी सांगायला कुणी आलं नाही. घर आवरून त्या मलकापूरला भावाकडे राहायला गेल्या.

एकदा धीर करून तिथं गेलो. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "त्या कांडपवाल्यानं माझं वाटोळं केलं बघा, भावजी." बोलायला याहून सोपी वेळ मिळणार नव्हती. मी म्हणालो, "व्हय, लोक लई वाईट." आणि एसटी धरून परत आलो.

यंदा त्या वारल्या. कांडपवाला आहे अजून. त्याला काल सगळं सांगितलं. त्यानं मला दुकानातून हाकललं. बरं केलं. वहिनींना सांगायचं होतं ते मात्र राहिलं.

वहिनी, तुमच्या चटणीत वाळू नव्हती. माझ्या फरशीची धूळ होती. मी ती पाहिली आणि लपवली. मला माफ करा.